बुरशी

सव्वीस वर्षं मी बाटल्या धुतल्या.
ठाण्याच्या कॉलेजात, मागच्या खोलीत,
आधी साबण, मग आम्ल, मग तीनदा शुद्ध पाणी,
मग कुकरमध्ये वीस मिनिटं वाफ.
मला एकच धडा दिला होता: बुरशी आत येता कामा नये.
ती बोटाच्या पेरावर असते, केसात असते, बोलण्यात असते.
तोंडाला फडकं बांधून मी श्वाससुद्धा
दुसऱ्याच्या घरात घ्यावा तसा घ्यायचे.

गद्रे मॅडमनी येऊरहून एक बोंड आणलं,
नखाएवढं, रुमालात.
एकपानी, म्हणाल्या. जमिनीतली आमरी.
गेल्या साली एकेचाळीस होत्या, आता सतरा.
मधे काय झालं ते मी नंतर पाहिलं:
एका बंगल्याची नवी भिंत,
आणि कुणा नवरानवरीच्या फोटोसाठी
झाडून काढलेला बांबूखालचा पाचोळा.
जमीन स्वच्छ. माझ्या टेबलासारखी.

बोंड चिरलं तर आत पीठ.
चिमटीत धरलं तर नुसती चिमूटच राहिली.
हजारोंनी बिया, आणि एकीच्याही पोटाशी शिदोरी नाही.
भाताचा दाणा घरून बांधून आणतो,
नारळ तर सहा महिन्यांचं भरून निघतो.
हे पोर उपाशीच उंबरा ओलांडतं.

म्हणून आम्ही वाढलं:
अगार, साखर, केळ्याचा गर, शहाळ्याचं पाणी.
दोनशे बाटल्या, काळ्या कागदात.
तीन महिने काही नाही.
मग एकोणतीस नंबरात एक फिकट ठिपका.
मी पेढे आणले.
ठिपका राईएवढा झाला, आणि तिथेच
बसून राहिला, रुसल्यासारखा.

बारकीबाई वरठा मार्केटच्या कोपऱ्यावर
शेवळं घेऊन बसते.
तिला मी बाटली दाखवली, पदराआडून, चोरीचा माल असावा तशी.
तिनं ती उजेडाकडे धरली, अंडं बघतात तशी.
"कोंडलंस कशाला गं याला?
माती चावल्याबिगर याला दात कसे येतील?"

रविवारी तिच्या मागून चढ चढले.
बांबूखाली तिनं एका बोटानं
कुजका पाला उचलला, गोधडीचं टोक उचलावं तसा.
"फूल येतं तेव्हा पान नसतं.
पान येतं तोवर फूल कुजून जातं.
आईची नि लेकराची गाठच नाही.
मग भरवतं कोण? बघ."
पाल्याच्या पाठीला पांढरे धागे,
कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, ओले,
वास खोलवरचा, जुन्या माठासारखा.

मी बघत राहिले.
सव्वीस वर्षं आम्लानं धुतली ती हीच.

त्या चिमूटभर मातीचं काय केलं
ते मॅडमना अजून माहीत नाही.
दहा बाटल्या उघडल्या, पंख्याखाली, फडकं न बांधता.
नऊ काळ्या पडल्या. दोन दिवसांत.
एकोणतीस नंबरची पडली नाही, एवढंच.
वाढली असंही म्हणवत नाही.
कडेनं एक केस फुटला तिला, मातीकडे वळलेला.

पुढच्या ज्येष्ठात बोंड पिकलं तेव्हा
मी ते कॉलेजात नेलंच नाही.
तिथेच, भिंतीच्या अलीकडे, पाचोळ्यात चुरलं,
वर पुन्हा पाला ओढला.
बारकीबाई म्हणाली, थांब आता. तीन पावसाळे.
मधे डुकरं येतील, फोटोवाले येतील,
कुणीतरी परत झाडून जाईल.

तिसरा पावसाळा चालू आहे.
काल जमिनीला चिकटलेलं एक पान दिसलं,
गोल, चुण्यांचं, रुपयाएवढं.
जुन्याच कंदाचं असेल. नसेलही.
मॅडमनी वहीत अठरा लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
मग माझ्या नखांकडे बघून म्हणाल्या,
"साबण संपला का?"